‘व्हॅन्कोमायसिन : आर’ – एका अक्षरामागची जनुकं

कृष्णाकाठ

गेल्या श्रावणात आई बावीस दिवस दवाखान्यात होती. डायलिसिस आधीपासून चालू होतं, त्यात रक्तात जंतुसंसर्ग झाला. सातव्या दिवशी ब्लड कल्चरचा रिपोर्ट हातात आला. वर जंतूचं नाव, एन्टेरोकॉकस फीशियम. खाली औषधांची यादी. अँपिसिलिनपुढे ‘आर’, व्हॅन्कोमायसिनपुढे ‘आर’, लिनेझोलिडपुढे ‘एस’, म्हणजे लागू पडणारं. ‘आर म्हणजे हे औषध लागू पडणार नाही’ एवढं सांगून सिस्टर पुढच्या खाटेकडे गेल्या. रात्रपाळीला दोघी आणि खाटा अठरा, त्यांना थांबायला सवड नव्हती.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. ‘जिवाणूंची पेशीभित्तिका पेप्टिडोग्लायकनची बनलेली असते’ हे वाक्य वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसले असताना जाणवलं, की आईच्या रिपोर्टवरचं ते अक्षर ह्याच वाक्याच्या पोटात आहे आणि मी ते मुलांना कधी उघडून दाखवलं नाही. लिनेझोलिडने आईचा ताप उतरला, आता ती घरी आहे. तेव्हापासून जमेल तसं वाचत गेले. जे समजलं ते इथे मांडते. चुकलं तिथे जाणकारांनी सांगावं.

जिवाणूला भिंत कशाला लागते इथून सुरुवात करू. त्याच्या आत क्षार, साखरा, प्रथिनं इतकी दाटीने भरलेली असतात की बाहेरचं पाणी सतत आत शिरत राहतं. स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूच्या आतला दाब २० वातावरणांच्या आसपास असतो. मालट्रकच्या टायरमध्ये तो ७-८ असतो. नुसता पडदा हा दाब झेलू शकत नाही, फुटतो. म्हणून पडद्याभोवती एक विणलेली पिशवी असते. वायडेल आणि पेल्झर ह्या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये मांडलं, की ही पिशवी म्हणजे जिवाणूला सगळीकडून वेढणारा एकच सलग रेणू आहे.

बाजेची वीण डोळ्यांपुढे आणा. लांब दोर म्हणजे साखरांच्या साखळ्या, दोन प्रकारच्या साखरा आलटून पालटून. त्यातल्या एका साखरेला पाच अमिनो आम्लांची आखूड शेपटी असते. शेजारच्या दोरांच्या शेपट्या एकमेकींना जोडल्या की वीण घट्ट होते. शेपटीची शेवटची दोन टोकं म्हणजे डी-अ‍ॅलानिनची जोडी. जोडणी होताना त्यातलं शेवटचं गळून पडतं आणि त्यातून मिळालेल्या ऊर्जेवर टाका बसतो. पेनिसिलिन ह्या जोडीसारखं दिसतं, म्हणून टाके घालणारं एन्झाइम फसून त्यालाच धरून बसतं. ही कल्पना टिपर आणि स्ट्रॉमिंजर ह्यांनी १९६५ मध्ये मांडली. व्हॅन्कोमायसिनची तऱ्हा वेगळी. ते एन्झाइमच्या वाटेलाच जात नाही. थेट शेपटीच्या टोकावर, त्या डी-अ‍ॅलानिनच्या जोडीवर टोपीसारखं बसतं. एन्झाइमला टोकच सापडत नाही.

आता जनुकांकडे. हे काम तीन जागी चालतं. पेशीच्या आत सुटे भाग तयार होतात, पडद्यावर ते जुळतात, पडद्याबाहेर वीण घातली जाते. आतल्या पायऱ्यांच्या जनुकांना ‘मुर’ म्हणतात. लॅटिनमध्ये मुरुस म्हणजे भिंत. मुर-ए आणि मुर-बी मिळून साध्या साखरेपासून शेपटी लावता येईल अशी साखर घडवतात. मुर-सी पहिलं अमिनो आम्ल लावतं, मुर-डी दुसरं, मुर-ई तिसरं. चौथं आणि पाचवं मात्र सुटं सुटं लागत नाही. डीडीएल नावाच्या जनुकाचं एन्झाइम डी-अ‍ॅलानिनची जोडी आधीच बांधून ठेवतं आणि मुर-एफ ती तयार जोडी उचलून टोकाला बसवतं. पुढे पडद्यावर एमआरए-वाय आणि मुर-जी तो भाग एका लांब चरबीच्या वाहकाला टांगतात, मग तो पडद्यापलीकडे उलटवला जातो. माझ्या कॉलेजच्या वहीत हे उलटवण्याचं काम एफटीएस-डब्ल्यूचं असं लिहिलेलं आहे.

इथे मी दोन दिवस अडकून पडले होते. आपण शिकवतो की प्रथिनातला अमिनो आम्लांचा क्रम जनुकात लिहिलेला असतो. जनुक, त्याची आरएनए प्रत, रायबोसोम, प्रथिन. ह्या शेपटीचा क्रम मात्र डीएनएमध्ये कुठेच लिहिलेला नाही. रायबोसोमचा इथे हात लागत नाही. मुर-सी पहिल्या जागी एल-अ‍ॅलानिनच उचलतं, मुर-डी फक्त डी-ग्लुटामेट घेतं, म्हणून क्रम ठरतो. क्रम आहे तो एन्झाइमांच्या निवडीत. डी-जातीची अमिनो आम्लं तर रायबोसोम वापरतच नाही, ती बनवायला वेगळी जनुकं लागतात. एल-अ‍ॅलानिनची डी-अ‍ॅलानिन करणारं एएलआर, आणि ग्लुटामेटसाठी मुर-आय.

म्हणजे एखादं निवडणारं एन्झाइम बदललं की शेपटीच बदलते. आईच्या रक्तातल्या जंतूने नेमकं हेच केलं होतं.

व्हॅन्कोमायसिन-रोधक एन्टेरोकॉकसकडे जनुकांचा एक संच असतो. व्हॅन-एच पायरुव्हेटपासून डी-लॅक्टेट बनवतं. व्हॅन-ए हे डीडीएलच्याच नात्यातलं, पण ते डी-अ‍ॅलानिनला दुसरी डी-अ‍ॅलानिन न जोडता डी-लॅक्टेट जोडतं. आणि व्हॅन-एक्स जुन्या पद्धतीच्या जोड्या शोधून तोडून टाकतं, म्हणजे चुकूनही जुनं टोक भिंतीत जायला नको. मुर-एफ बिचारं जे समोर येईल ते टोकाला बसवतं. जुन्या आणि नव्या टोकात फरक किती? एका जागी नायट्रोजन-हायड्रोजनच्या ऐवजी ऑक्सिजन. व्हॅन्कोमायसिन आपल्या टोकाला पाच हायड्रोजन बंधांनी धरतं, त्यातला एक सुटतो आणि त्या जागी उलट दूर लोटणारा विद्युतभार येतो. पकड सुमारे हजारपट ढिली होते. टाके घालणाऱ्या एन्झाइमला मात्र ह्या नव्या टोकाने काही अडत नाही, भिंत उभी राहते.

ह्या तिघांवर पहारा आणखी दोघांचा. व्हॅन-एस पडद्यात बसून औषधाची चाहूल घेतं, व्हॅन-आर ती खबर डीएनएपर्यंत नेऊन जनुकं चालू करतं. औषध नसताना सगळं बंद. त्यामुळे ही जनुकं बाळगण्याचा जंतूवर फारसा भार पडत नाही, आणि औषध थांबवलं म्हणून ती लगेच नाहीशीही होत नाहीत.

एक अक्षर समजायला मला सहा महिने लागले.

---

रानजाई

ताई, आई बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं. मी पंधरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चरच्या टेबलावर आहे. तुम्ही लिहिलेली जनुकं मी रोज डोळ्यांनी बघते, फक्त त्या नावाने ओळखत नव्हते इतकंच.

एक उदाहरण देते. लघवीच्या नमुन्यात ई. कोलाय असला की स्लाइडवर आखूड गुलाबी काड्या दिसतात. पण रुग्णाने तपासणीआधीच घरातली सेफालेक्सिनची गोळी घेतली असेल तर त्याच काड्या शेवयांसारख्या लांबच लांब, वळलेल्या दिसतात. नवीन मुली घाबरून विचारतात, ही बुरशी का? बुरशी नसते. ई. कोलायमध्ये लांबी वाढवणारी टाक्यांची यंत्रणा वेगळी आणि मधोमध आडवी भिंत घालणारी वेगळी. सेफालेक्सिन मुख्यतः आडव्या भिंतीच्या एन्झाइमला, पीबीपी-३ ला धरतं (पीबीपी म्हणजे पेनिसिलिन धरणारं प्रथिन). त्याचं जनुक एफटीएस-आय. पेशी वाढत राहते, पण तिला दोन होता येत नाही.

‘एफटीएस’ हे नावही तिथूनच आलं आहे. तापमान वाढवलं की तंतू होणारी वाणं, असा त्याचा अर्थ. ही जनुकं अशी की बंद पडली तर जिवाणू मरतो, मग मेलेल्याचा अभ्यास करायचा कसा? म्हणून १९६० च्या दशकात अशी उत्परिवर्तनं शोधली जी ३० अंशांना नीट वागतात आणि ४२ अंशांना बिघडतात. थंडीत वाढवायचं, ऊब द्यायची, आणि कुठे बिघडतं ते बघायचं. १९७५ मध्ये ब्रायन स्प्रॅट ह्यांनी अशी उत्परिवर्तनं आणि किरणोत्सारी पेनिसिलिन दोन्ही वापरून दाखवलं, की पेनिसिलिन धरणारी प्रथिनं एकसारखी नाहीत. एक लांबी वाढवतं, एक काडीचा आकार राखतं, एक दुभागतं. मेसिलिनम ह्या पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधाने पीबीपी-२ अडवलं तर काड्यांचे गोळे होतात. एकच जिवाणू, औषध बदललं की कधी शेवई, कधी गोटी.

---

विटामाती

मी बांधकामातला माणूस, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं. धागा दोनदा वाचला. एक प्रश्न पडलाय, बाळबोध असेल तर सांभाळून घ्या.

ताई म्हणतात पिशवी एकसलग आहे आणि आत ट्रकच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब आहे. आणि जिवाणू वाढतो, म्हणजे पिशवी मोठी व्हायला हवी. नवा दोर घालायचा तर आधीचा टाका उसवावा लागणार. आम्ही जुन्या वाड्याच्या भारवाहक भिंतीत खिडकी पाडतो तेव्हा आधी टेकू लावतो, वर तुळई सरकवतो, मग एकेक वीट काढतो. टेकूशिवाय हात लावला तर वरचा मजला खाली. जिवाणू उसवतो कसा आणि फुटत कसा नाही?

---

दख्खनी

विटामातीदादा, हाच प्रश्न ह्या क्षेत्रातल्या लोकांनी अनेक दशकं विचारला आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा माझ्या गावातून, हैदराबादहून आला आहे.

उसवणारी एन्झाइमं ई. कोलायमध्ये भरपूर आहेत, डझनाहून जास्त. अडचण अशी होती की एकेक जनुक काढून टाकलं तरी जिवाणू मजेत वाढायचा. त्यामुळे कोणतं उसवणारं एन्झाइम वाढीसाठी अनिवार्य आहे हे हातीच लागत नव्हतं. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या डॉ. मंजुळा रेड्डी ह्यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं, की मेप-एस, मेप-एम आणि मेप-एच ही तीन जनुकं एकमेकांची जागा घेतात. एक काढा, चालतं. तिन्ही काढा, नवा माल भिंतीत शिरू शकत नाही आणि पेशी फुटतात. म्हणजे भिंत बांधायला जोडणारे जेवढे लागतात तेवढेच तोडणारे लागतात, हे जनुकांच्या पातळीवर सिद्ध झालं. ह्याच कामासाठी त्यांना २०१९ चा जीवशास्त्रातला इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

आता तुमचा टेकू. त्याच गटाने पुढे दाखवलं की मेप-एस पेशीत मोकाट फिरू दिलं जात नाही. एनएलपी-आय आणि पीआरसी ही दोन प्रथिनं मिळून ते सतत मोडत राहतात. गरज असेल तेव्हा ते साठतं, नसेल तेव्हा संपवलं जातं. उसवणाऱ्याच्या हातात कात्री आहे, पण कात्रीचं आयुष्य दुसऱ्याच्या ताब्यात.

आणि पेनिसिलिन मारतं कसं ह्याचंही उत्तर इथे आहे. नुसती जोडणी थांबली म्हणून पेशी मरते एवढं ते सरळ नाही. २०१४ मध्ये बर्नहार्ट ह्यांच्या प्रयोगशाळेने मेसिलिनम वापरून दाखवलं, की टाके अडले तरी दोर विणणं चालू राहतं. विणलेला सुटा दोर लगेच कापला जातो, पुन्हा विणला जातो, पुन्हा कापला जातो. जिवाणू आपला माल असा वाया घालवत राहतो.

---

विटामाती

समजलं. म्हणजे गवंडी आणि पाडकाम करणारा एकाच मुकादमाखाली पाहिजेत. साइटवर आम्ही हे विसरलो तेव्हा काय झालं ते मी पाहिलंय. आभार.

---

पुस्तककिडा

कृष्णाकाठ ताई, लेख फार आवडला, मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या वहीतली एक गोष्ट आता बदलली आहे.

तयार भाग, म्हणजे लिपिड-२, पडद्यापलीकडे कोण उलटवतं ह्यावर मोठा वाद झाला. २००८ मध्ये नातिविदाद रुइझ ह्यांनी जनुकांच्या याद्या चाळून एक उमेदवार शोधला, मुर-जे. हे प्रथिन संपवलं की भिंत थांबते. पण २०११ मध्ये दुसऱ्या गटाने परीक्षानळीत एफटीएस-डब्ल्यू ते काम करतं असं दाखवलं, आणि काही वर्षं दोन्ही बाजूंनी लेख येत राहिले. २०१४ मध्ये जिवंत ई. कोलायमध्ये थेट मोजमाप झालं. कोलिसिन-एम नावाचं विष फक्त पडद्याबाहेर आलेल्या लिपिड-२ ला तोडतं. मुर-जे बंद केल्यावर ते तुटायचं थांबलं, म्हणजे काहीच बाहेर येत नव्हतं.

मग एफटीएस-डब्ल्यू काय करतं? २०१६ मध्ये त्याचा भाऊ रॉड-ए दोर विणणारा निघाला आणि २०१९ मध्ये एफटीएस-डब्ल्यूही. आधी सगळ्यांना वाटायचं दोर फक्त पीबीपी विणतात. इतकी वर्षं आपण वाहतूकवाला समजत होतो तो खरं तर विणकर होता. अलीकडच्या अभ्यासक्रमाच्या नोट्समध्येही जुनंच चित्र आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणखी एक, कारण मला ते फार सुंदर वाटतं. ई. कोलायच्या गुणसूत्राचा जुना नकाशा मिनिटांत मोजतात. पूर्ण गुणसूत्र एका पेशीतून दुसरीत जायला शंभर मिनिटं लागतात म्हणून. त्यात दुसऱ्या मिनिटाजवळ भिंत आणि विभाजनाची जनुकं ओळीने उभी आहेत. एफटीएस-आय, मुर-ई, मुर-एफ, एमआरए-वाय, मुर-डी, एफटीएस-डब्ल्यू, मुर-जी, मुर-सी, डीडीएल-बी, आणि शेवटाकडे एफटीएस-झेड, जे पेशीच्या मध्यावर कडं बांधून भिंत कुठे घालायची ते ठरवतं. दूरच्या नात्यातल्या बॅसिलससारख्या जिवाणूंमध्येही ही ओळ बरीचशी तशीच आहे. बांधणारे आणि दुभागणारे इतका काळ शेजारी राहिले आहेत.

---

कृष्णाकाठ

पुस्तककिडा, मनापासून आभार. वहीत दुरुस्ती केली, आणि सोमवारी वर्गातही सांगणार आहे की मी पूर्वी जुनं शिकवत होते.

---

ओवी_आणि_मी

माझी मुलगी सहा वर्षांची. दिवाळीनंतर तिला खोकला आणि ताप आला. आधी अमॉक्सिसिलिन दिलं, पाच दिवसांत काही फरक नाही. मग डॉक्टरांनी मायकोप्लाझ्मा म्हणून अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं आणि तिसऱ्या दिवशी ती खेळायला लागली. पहिलं औषध चुकीचं होतं का, की तिच्या जंतूतही हे व्हॅन-ए वगैरे आलं होतं? हे वाचून काळजी वाटली.

---

बकुळफूल

काळजी करू नका, तसं काही नाही. मी अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे, पण हे बालरोगतज्ज्ञही असंच सांगतील.

मायकोप्लाझ्माला भिंतच नसते. नंतर मिळालेली रोधकता नव्हे ही, त्याची जातच तशी. अमॉक्सिसिलिन विणणाऱ्याला अडवतं, आणि इथे बाजच नाही, विणकर नाही. मायकोप्लाझ्मा न्यूमोनीचा पूर्ण जीनोम १९९६ मध्ये वाचला गेला, जेमतेम ८ लाख अक्षरांचा. ई. कोलायचा ४६ लाखांचा. त्यात भिंतीची जनुकं सापडत नाहीत. पडदा मजबूत करायला तो आपल्या पेशींकडून कोलेस्टेरॉल उचलतो. अ‍ॅझिथ्रोमायसिन रायबोसोमवर काम करतं म्हणून ते लागू पडलं. पहिल्या भेटीत अमॉक्सिसिलिन देणंही चूक म्हणता येणार नाही, कारण मुलांच्या न्यूमोनियात भिंतवाले जंतूही तितकेच असतात.

पुस्तककिडा ह्यांनी सांगितलेल्या ओळीशी जोडलेली एक गोष्ट. ह्याच कुळातल्या मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियमच्या जीनोममध्ये त्या ओळीची दोन्ही टोकं अजून शेजारी उभी आहेत, एमआरए-झेड, एमआरए-डब्ल्यू आणि एफटीएस-झेड. मधली भिंत बांधणारी जनुकं तेवढी नाहीशी झाली आहेत. पडक्या वाड्याचे चौथरे बघावेत तसं वाटतं. ह्या जंतूंच्या पूर्वजांना भिंत होती.

ताईंच्या लेखाला एक पुरवणी. अँपिसिलिनपुढचा ‘आर’ आणि व्हॅन्कोमायसिनपुढचा ‘आर’ एकाच कारणाचे नाहीत. एन्टेरोकॉकस फीशियममध्ये अँपिसिलिन सहसा पीबीपी-५ मुळे चालत नाही. ते टाके घालणारं प्रथिन पेनिसिलिनला मुळातच फार सैल धरतं, उत्परिवर्तनांनी आणखी सैल. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन ह्या पेनिसिलिनच्या भावंडाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, त्याचंही असंच, पण तिथे जनुक बाहेरून आलेलं. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये मेक-ए नावाचं जनुक एका फिरत्या डीएनए-खंडावर बसून येतं आणि पीबीपी-२ए नावाचं जास्तीचं टाके घालणारं देतं. मेथिसिलिनने बाकीचे सगळे पीबीपी अडले तरी हे एकटं वीण चालू ठेवतं. १९६१ मध्ये, म्हणजे मेथिसिलिन वापरात येऊन जेमतेम दोन वर्षं होतात तोच, इंग्लंडमध्ये असे जंतू सापडले. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासाने ह्याच्या भावंडाचा, मेक-सीचा, माग युरोपातल्या साळूसारख्या काटेरी छोट्या प्राण्यांपर्यंत, हेजहॉगपर्यंत नेला. त्यांच्या कातडीवरची बुरशी पेनिसिलिनसारखं द्रव्य बनवते, म्हणून तिथे राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकसला ते जनुक आपल्या औषधांच्या कितीतरी आधीपासून उपयोगाचं होतं.

आयसीयूत आम्ही ‘आर’ बघतो आणि औषध बदलतो. त्यामागे कोणतं जनुक हे दर वेळी विचारत नाही. विचारायला हवं, कारण पुढचं औषध त्यावर ठरतं.

---

सह्यमित्र

डॉक्टर, एक विचारू का? धाकट्या भावाला दोन वर्षांपूर्वी औषधाला न जुमानणारा टीबी झाला होता. एलपीए नावाच्या तपासणीच्या कागदावर ‘इन-एच-ए’ असं काहीतरी होतं आणि ‘कॅट-जी’पुढे बदल नाही असं होतं. नंतरच्या औषधांत सायक्लोसेरिन होतं. ते चालू असताना त्याला रात्र रात्र झोप यायची नाही, एकटाच बडबडायचा. आई देवीला नवस बोलली होती. तो आता कामावर जातो. पण त्या कागदावर काय लिहिलं होतं ते आम्हाला आजही कळलेलं नाही. टीबीलाही भिंतच असते का?

---

बकुळफूल

सह्यमित्र, भाऊ कामावर जातो हे वाचून खूप आनंद झाला. इतके महिने गोळ्या निभावणं ही साधी गोष्ट नाही, त्याची आणि तुम्हा सर्वांचीही.

टीबीच्या जंतूला भिंत असते आणि ती ह्या सगळ्यांहून जाड. आत आपली पेप्टिडोग्लायकनची वीण, तिच्यावर साखरांचा थर, त्यावर मायकोलिक आम्लांचा मेणासारखा थर. इन-एच-ए हे त्या मेणाच्या लांब साखळ्या बनवणाऱ्या एन्झाइमचं जनुक. आयसोनियाझिड म्हणजे आयएनएच ही गोळी त्याच एन्झाइमला अडवते. पण गोळी स्वतः निष्क्रिय असते, जंतूचंच एक एन्झाइम तिला जागं करतं, त्याचं जनुक कॅट-जी.

म्हणजे जंतूला सुटायला दोन वाटा आहेत. कॅट-जीमध्ये बदल झाला, विशेषतः ३१५ व्या जागी, तर गोळी जागीच होत नाही आणि रोधकता सहसा तीव्र असते. दुसरी वाट म्हणजे इन-एच-एच्या आधीच्या भागात बदल होऊन एन्झाइम जास्त प्रमाणात बनणं. तेव्हा रोधकता सहसा सौम्य, आणि काही रुग्णांत आयएनएचचा जास्त डोस उपयोगी पडू शकतो. पण इथिओनामाइड हे दुसरं औषधही इन-एच-एवरच काम करतं, ते मात्र हातचं जातं. भावाच्या कागदावर ही दुसरी वाट होती. एका ओळीवरून एक औषध वाढवायचं की नाही आणि दुसरं टाळायचं की नाही, हे ठरत होतं.

सायक्लोसेरिन तर ह्या धाग्याचंच औषध. ते डी-अ‍ॅलानिनसारखं दिसतं, म्हणून एएलआर आणि डीडीएल दोन्ही एन्झाइमं त्याला धरून अडकतात. ताईंनी लिहिलेली जोडी बांधायची जागा ती हीच. तेच औषध आपल्या मेंदूतल्या एका ग्राहकावरही बसतं, झोप उडणं आणि भास होणं त्यातूनच. बडबड हा त्याच्या मनाचा कमकुवतपणा नव्हता. हे घरच्यांना तेव्हाच कुणीतरी सांगायला हवं होतं.

---

सह्यमित्र

आत्ताच आईला वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य दोनदा वाचायला सांगितलं तिने. भावालाही पाठवतो.

---

पुस्तककिडा

व्हॅन-ए आलं कुठून, ह्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. व्हॅन्कोमायसिन १९५० च्या दशकात बोर्निओतल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून मिळालं आणि १९५८ मध्ये वापरात आलं. जवळजवळ तीस वर्षं एन्टेरोकॉकसवर ते बिनघोर चाललं. १९८६ मध्ये युरोपात पहिले रोधक एन्टेरोकॉकस मिळाले.

असं औषध बनवणाऱ्या जिवाणूंनाही स्वतःच्या औषधापासून वाचायला लागतं. मातीतल्या अशा कित्येक जिवाणूंत व्हॅन-एच, ए, एक्स ही तीन जनुकं ह्याच क्रमाने असतात. २०११ मध्ये कॅनडाच्या युकॉन भागातल्या ३०,००० वर्षं गोठलेल्या जमिनीतून काढलेल्या डीएनएमध्येही हा क्रम सापडला. कुणी जनुक नव्याने शोधून काढलं नाही, मातीतून दवाखान्यापर्यंतचा रस्ता तेवढा उघडला. युरोपात कोंबड्या-डुकरांना वाढीसाठी अ‍ॅव्होपार्सिन देत, ते व्हॅन्कोमायसिनचं सख्खं भावंड. डेन्मार्कने ते १९९५ मध्ये थांबवलं, १९९७ मध्ये पूर्ण युरोपीय संघाने.

संच उड्या मारणाऱ्या डीएनए-खंडावर असतो, म्हणून जातीची वेसही ओलांडतो. २००२ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डायलिसिसवरच्या एका रुग्णात हा संच एन्टेरोकॉकसमधून स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये गेलेला सापडला. दोन्ही जंतू त्याच्या अंगावर एकत्र राहत होते.

---

रानजाई

ताई, एक राहिलं. तुम्ही रिपोर्टवरची तीन औषधं लिहिलीत. टायकोप्लॅनिनची, म्हणजे व्हॅन्कोमायसिनच्याच कुळातल्या औषधाची ओळ होती का? पुन्हा बघा. व्हॅन-ए संचाचा पहारेकरी दोन्ही औषधांना जागा होतो, म्हणून दोन्हींपुढे आर येतो. व्हॅन-बी नावाचा दुसरा संच आहे, त्याचा पहारेकरी टायकोप्लॅनिन ओळखत नाही, म्हणून तिथे व्हॅन्कोमायसिन आर आणि टायकोप्लॅनिन एस असं दिसतं. खात्री पीसीआरने करतात, पण टेबलावर आम्ही पहिला अंदाज ह्याच दोन ओळींवरून बांधतो.

---

कृष्णाकाठ

फाइल कपाटातून काढली. कागद घडीवर थोडा फाटला आहे. व्हॅन्कोमायसिनच्या खालचीच ओळ, टायकोप्लॅनिन. पुढे आर.

म्हणजे व्हॅन-ए. आई शेजारीच शेंगा सोलत बसली होती, तिने विचारलं काय सापडलं एवढं. तिला कागदाच्या पाठीवर पाच मण्यांची शेपटी काढून दाखवली, आणि शेवटचा मणी खोडून दुसरा काढला.